सुरमाची चाल

बाबांच्या मांडीतली जखम गोल होती आणि तिच्या कडा स्वच्छ होत्या. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "सळई घुसली का?" बाबा म्हणाले, "व्हय, सळईच." शेजाऱ्याच्या हरणानं मारलं, हे त्यांना परक्या माणसापुढं बोलायचं नव्हतं. घरी येऊन बाजेवर आडवे झाल्यावर मात्र ते आईला म्हणाले, "यमुने, त्या हरणाला कुणीतरी शिकवलंय."

पडेगावातल्या आमच्या गल्लीत आमची ओसरी आणि निजामुद्दीन पिंजाऱ्यांचं अंगण यांच्यामध्ये एकच भिंत होती. त्यांचं दुकान रस्त्याच्या बाजूला होतं. छताला टांगलेली कापूस पिंजायची धनुकली, खाली कापसाचा ढीग आणि हवेत सदा तरंगणारे तंतू. दुकानाच्या मागं अंगण, आणि अंगणाचं दार गल्लीत उघडायचं. अंगण शकीलाचाचींचं होतं. त्या परक्या पुरुषासमोर येत नसत. म्हणून गल्लीची रीत अशी होती की, पुरुषाला त्या दारानं काही द्यायचं-घ्यायचं असेल तर त्यानं बाहेर उभं राहून खाकरायचं. चाची ओढणी सारखी करून आत सरकायच्या, मग त्यानं दार लोटायचं. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस अॅक्शनच्या आठवड्यात चाचांचं सगळं घर आमच्या माळ्यावर लपलं होतं. तेव्हाही बाबा शिडीखाली उभे राहून आधी खाकरायचे आणि मगच भाकरी वर द्यायचे, असं आई सांगते.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली होती. त्या दिवशी बाबा दिवाळीच्या फराळाचं ताट घेऊन गेले, दाराशी खाकरले, दार लोटलं आणि चाचींच्या पाळलेल्या हरणानं, सुरमानं, त्यांना उंबऱ्यावरच गाठलं.

त्याआधी दसऱ्याच्या सुमारास त्याच दारात दूधवाल्या रामकिसनच्या पोटरीत शिंग गेलं होतं. तेव्हा सगळे हसले होते. आता कुणी हसलं नाही. रामकिसन काठी टेकत बाबांना बघायला आला आणि बाजेशी बसून हळूच म्हणाला, "वैजनाथराव, त्यायचा मेव्हणा सरदार दर जुम्म्याला येतो. त्याला कसं काय काही होत नाय? आपल्यालाच कसं होतं?"

"तुला काय म्हणायचंय?"

"मी काय म्हणणार. मी दूध घालणारा माणूस. लोक म्हणत्यात."

बाबांनी मांडीखालची उशी सारखी केली. मग म्हणाले, "आणखी एकाला लागलं तर पाटलाकडं जाईन. त्याच्याकडं बंदूक हाय. पण आधी खरं काय ते कळू दे." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "शैला, तुला आत जाता येतं. बघ जरा."

मी त्या वर्षी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. होऊन शाळेतल्या नोकरीची वाट बघत घरी होते. सुरमाला मी तो कोकराएवढा होता तेव्हापासून ओळखत होते. सरदारला तो वैजापूरकडच्या ज्वारीत एकटा सापडला होता. चाचींनी कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून त्याला पाजलं, स्वतःच्या गोधडीत झोपवलं. त्याच्या डोळ्यांखाली काळी चीर होती, सुरमा घालताना हात हलल्यासारखी, म्हणून हे नाव. तिसरं वर्ष लागलं आणि त्याची पाठ काळी झाली, शिंगांना पीळ भरला. गल्लीतल्या बायका मुलांना घेऊन त्याची चाल बघायला यायच्या. तो कान खाली पाडून, शेपटी वर वळवून, नाक आभाळाकडं आणि शिंगं पाठीवर टेकवून हळूहळू चालायचा. चाची म्हणायच्या, "बघ, नवाब निघाला."

मी आत गेले तेव्हा तो पेरूच्या झाडाखाली बसून रवंथ करत होता. माझ्या हातातली मेथी त्यानं नेहमीसारखी ओठांनी उचलून घेतली. बाबांच्या मांडीची आठवण मनात असताना ते मऊ ओठ हाताला लागणं मला सहन होईना.

चाची तेलाची वाटी घेऊन त्याच्या शिंगांना तेल लावत होत्या. टोकं चकाकत होती.

"चाची, टोकं इतकी धारदार कशी झाली?"

त्यांचा हात थांबला. "मी घासली का म्हणायलीस?"

"तसं नाही."

"मंग कसं? तो भिंतीला घासतो. ती बघ." भिंतीवर खरंच तिरपे चरे होते. "तुझ्या बापानं पाठवलं ना तुला?"

त्यांना उत्तर नको होतं. त्या तेल लावत राहिल्या, पण अंग चोरून, माझ्याकडं पाठ करून.

मी अंगण नीट बघायला लागले. कोपऱ्यात लेंड्यांचा एकच ढीग होता, बाकी अंगणात एकही नाही. चाची म्हणाल्या, तो मोठा शहाणा आहे, जागा सोडून घाण करत नाही. पेरूच्या खालच्या फांदीच्या टोकाला, कपडे वाळत घालायच्या खुंटीला आणि गल्लीच्या दाराच्या चौकटीला काळे, चिकट ठिपके होते. डांबरासारखे. बोटाला लागले की लवकर निघत नव्हते, आणि त्यांना एक उग्र वास होता.

घरी सांगितलं तर आईचा चेहरा उतरला. "मी भिंतीवरून बघितलेत ते. करणी हाय ती. शकीला तसली नव्हती गं, पण माणसाचं काय सांगावं."

दुसऱ्या दिवशी मी चाचींना त्या ठिपक्यांबद्दल विचारलं. त्या चौकटीजवळ आल्या, ठिपक्याला हात न लावता बघत राहिल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "रोज पुसती मी. सकाळी परत असतंय. तुझी आई भिंतीवरून डोकावती, ते काय मला ठाऊक नाय व्हय?"

दोन्ही घरांत एकाच डागावरून एकमेकांवर संशय होता. तो डाग कुणी लावलेला मी पाहिला नव्हता, म्हणून कुणाचंच खरं धरायला तयार नव्हते. मी चौकट पुसली आणि चाचींसोबत तूर निवडायचं निमित्त करून बसून राहिले.

दुपारच्या चहाच्या आधी सुरमा उठला. अंग ताणून तो दारापाशी गेला. त्यानं मान तिरकी केली आणि चौकटीची कड अलगद डोळ्याखालच्या चिरेत घातली, एखादी बाई काजळाची काडी डोळ्यात फिरवते तशी. मान काढली तेव्हा लाकडावर ओला काळा ठिपका होता.

चाचींच्या हातातलं सूप खाली आलं. "या अल्ला. हाच व्हय."

मला कॉलेजच्या प्रयोगशाळेतली कवटी आठवली. तिच्या डोळ्याच्या खोबणीपुढं आणखी एक खळगा होता. तो ग्रंथीचा असतो, नर त्यातला स्राव काट्याकुट्यांना लावून आपली हद्द आखतो, असं आम्हाला शिकवलं होतं. लेंड्यांचा ढीगही त्यासाठीच असतो. हे मी चाचींना सांगितलं आणि त्या मोकळेपणानं हसल्या. करणीचं ओझं उतरल्यामुळं त्या खूश होत्या. माझी काळजी मात्र वाढली. हे अंगण आता चाचींचं राहिलं नव्हतं. सुरमाच्या हिशेबानं ते त्याचं होतं, आणि चाची त्याच्या कळपातली मादी होती.

पण मग सरदार? दर शुक्रवारी तो याच दारानं यायचा. पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम तिथं थांबले. सरदार आला तो गल्लीच्या टोकापासून ओरडतच, "आपा, चहा टाक." सख्ख्या भावासमोर पडदा कसला? त्यानं दार पायानं ढकललं, सुरमाच्या पाठीवर थाप मारली आणि बसला. सुरमानं त्याच्याकडं बघितलंही नाही. पुरुष, धिप्पाड, दाढीवाला, आणि तरी काही नाही. रामकिसन आणि बाबा यांच्याकडं असं काय होतं, जे सरदारकडं नव्हतं?

उत्तर माझ्याच घशातून आलं. सरदार गेला तेव्हा दुकानात धनुकली चालू होती. दिवाळीनंतर रजयांचं काम वाढतं, आणि कापसाचे तंतू दुकान आणि अंगण यांच्यामधल्या आतल्या दाराच्या फटीतून अंगणात येत होते. एक माझ्या घशात गेला. मी खाकरले.

सुरमाचं रवंथ थांबलं. तो उठला. कान खाली गेले, शेपटी वर वळली, नाक आभाळाकडं गेलं. डोळ्याखालची चीर एखाद्या तोंडासारखी उघडली आणि आतली काळी ओली त्वचा दिसली. तो तिरका तिरका माझ्याकडं आला. माझ्याजवळ येऊन त्यानं मला हुंगलं, थोडा वेळ विचारात पडल्यासारखा उभा राहिला आणि मग त्याच्या नरड्यातून आवाज आला. जाड, आखूड, खरखरीत. डोळे मिटले असते तर मी म्हटलं असतं की दाराबाहेर बाबा उभे आहेत.

"बघ, नवाब निघाला," चाची कौतुकानं म्हणाल्या.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. ती चाल आम्ही सगळ्यांनी मुलं कडेवर घेऊन बघितली होती. ती मारायच्या आधीची चाल होती. गल्लीतला प्रत्येक सभ्य पुरुष दाराशी उभा राहून दुसऱ्या काळविटाच्या भाषेत ललकारत होता आणि मग दार उघडून त्याच्या हद्दीत पाऊल टाकत होता. जितकं अदबीनं खाकरावं तितकं ते आव्हान स्पष्ट होत होतं.

तेवढ्यात दुकानात निजामचाचा खोकले. पिंजाऱ्याचा खोकला, छातीच्या तळातून येणारा, एकातून दुसरा निघणारा. सुरमा वळला आणि दुकानाच्या आतल्या दाराकडं गेला. त्या दाराच्या फळीवर अंगणाच्या बाजूनं नवे खळगे पडले होते. माझ्या ते आधी लक्षात आले नव्हते.

"चाची, हे कधीपासून?"

"थंडी पडून तुझे चाचा कामापायी दुकानातच निजायला लागले तवापासून. शिंग खाजवतो तिथं."

"चाचा खोकले की खाजवतो?"

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "पोरी, नीट बोल. बापाला लागलं म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव घेऊ नको. ह्याला त्यांनी मांडीवर वाढवलंय."

"म्हणूनच, चाची."

त्यांना ते पटलं नाही. हरीण घालवायला मी नवीन कारण शोधून आणलं, असं त्यांचं मत झालं. चाचांना मी दुकानात जाऊन सांगितलं तेव्हा ते हसले, हसताना खोकले, आणि आतल्या दारावर धडक बसली. हसणं अर्ध्यात राहिलं.

"खाजवतोय तो," चाचा म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

"चाचा, गल्लीतून या. अंगणाच्या दाराला आतून कडी घालते. बाहेर उभं राहून एकदा खाकरा. काही झालं नाही तर मी बाबांना सांगेन की माझं चुकलं."

चाची म्हणाल्या, "जा, व्हऊन जाऊ दे. हिची शंका मिटू दे."

मी कडी घातली आणि बाजूला झाले. बाहेर चाचांच्या चपला वाजल्या. सुरमानं त्या ओळखल्या, कान उभे केले, शेपूट हलवली. मग चाचा खाकरले. अगदी हलकं, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं.

सुरमानं चाल केली नाही. तो सरळ धावला. एका शिंगाचं टोक फळीतून आरपार गेलं आणि ते सोडवण्यासाठी तो मान झटकत राहिला. दाराबाहेर चाचांच्या पोटापाशी ते टोक दिसलं असणार. बाहेर त्यांच्या चपला मागं सरकल्या.

मग चाचा म्हणाले, "शैला, ह्यानं मला ओळखलं नाय का?"

"ओळखलं, चाचा. तो तुम्हाला हरीणच समजतो. तुमच्या मांडीवर वाढला, त्यानं दुसरं हरीण बघितलेलं नाही. रानातला काळवीट माणसाला भिऊन पळतो. हा का पळेल?"

चाची सुरमाच्या मानेला हात घालून त्याचं शिंग सोडवत होत्या. शिंग सुटलं तरी त्या कडी काढायला गेल्या नाहीत.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते बाजेवर उठून बसले. कुणी शिकवलं नव्हतं, हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. ते लंगडत दुकानात गेले आणि म्हणाले, "निजामभाई, पाटलाला सांगतो. एका गोळीचं काम हाय. नायतर तुझा जीव जाईल."

"थंडी सरू दे, वैजनाथराव. खोकला गेला की हा बी निवळंल." चाचांनी माझ्याकडं बघितलं. "निवळंल ना गं?"

"त्यांचा हंगाम असतो, तो सरतो. पण नक्की सांगता येणार नाही."

"बस्स मग. शकीला जेवायची नाय ह्याच्याबिगर."

"आणि तू?"

चाचा धनुकलीची तात, म्हणजे तिची दोरी, तपासत म्हणाले, "मी बी."

मग असं ठरलं की, मध्ये लाकडी दाराऐवजी भिंत असावी म्हणून थंडी संपेपर्यंत चाचांनी आमच्या ओसरीवर काम करायचं आणि रात्री तिथंच झोपायचं. गल्लीत नवं बोलणं सुरू झालं, हरणानं पिंजाऱ्याला घराबाहेर काढलं. आईच्या लोणच्याच्या बरण्यांवर, देवाच्या फोटोवर, सगळीकडं कापूस बसला. ती कुरकुरायची आणि चाचांना आल्याचा काढा करून द्यायची. बाबा शेजारी बसून रजयांत कापूस भरायला शिकले. त्यांची भरणी गाठीगाठीची व्हायची. चाचा म्हणायचे, "वैजनाथराव, ही रजई गिऱ्हाइकाला नाय, सासऱ्याला द्या."

पण ते हसले की खोकायचे, आणि खोकले की भिंतीच्या पलीकडून धडक यायची. खोकला, धडक. खोकला, धडक. पहिले काही दिवस आम्ही दचकायचो. मग कान तयार झाले. भिंतीच्या आमच्या बाजूचा गिलावा खपल्यांनी पडायला लागला, तिथं आईनं जुनं लुगडं अडकवलं. चाची जेवणाचा डबा द्यायला आपल्या अंगणाच्या दाराशी यायच्या तेव्हा चाचा उठून तिकडं जायचे. तोंडावर उपरणं दाबून दाराच्या भोकातून आत बोट घालायचे. आतून सुरमा ते चाटायचा.

मी भिंत रोज बघत होते. चिरा किती वाढल्या, ओल कुठं आहे. आम्ही सगळेच भिंतीकडं बघत होतो, कारण आवाज भिंतीतून येत होता. पण त्याच धक्क्यांनी अंगणाच्या दाराची बिजागरी चौकटीतून सुटत चालली होती.

संक्रांत जवळ आली होती. उन्हं चांगली वर आली होती, बाबा ओसरीवर दाढी करत होते आणि चाचा रजईला टाके घालत होते. त्यांना ढास लागली. ती थांबली. बाबांचा वस्तरा गालावर तसाच राहिला. मी आतून बाहेर आले.

धडक आली नव्हती.

चाचांनी सुई रजईत खोचली. आम्ही तिघंही गल्लीकडं बघत होतो. सुरमा पलीकडच्या दारातून बाहेर आला होता. दार एका बिजागरीवर लोंबत होतं. उन्हात त्याची पाठ निळसर काळी दिसत होती. कान खाली, शेपटी वर, नाक आभाळाकडं. तो त्याच्या चालीनं येत होता.

"आत जा," चाचा हळू म्हणाले. "वैजनाथराव, पोरीला आत घ्या."

"निजाम, तूही चल."

"मंग तो गल्लीत राहील. समोरून रामकिसन येतोय."

रामकिसन खरंच कोपऱ्यावर किटली घेऊन दिसत होता. चाचांनी ढिगातला मूठभर कापूस उचलला, त्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. मग ते ओसरी उतरले. सुरमा थांबला. चाचांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, नेहमीसारखा, शिंगांच्या बुडाशी खाजवलं. सुरमाचे कान वर आले. दोघं वळले आणि अंगणाकडं चालू लागले. चाचांचे खांदे हलत होते. त्यांची छाती फुगून पुन्हा बसत होती, मान लाल झाली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज बाहेर येत नव्हता. हात मानेवरून सुटला नाही.

दारात चाची उभ्या होत्या. त्यांनी लोंबणारं दार दोन्ही हातांनी उचलून धरलं. सुरमा आत गेला. दार बाहेरून लावण्यासारखं राहिलं नव्हतं, ते आतून टेकवूनच धरावं लागणार होतं. चाचा आत गेले आणि दार चौकटीत बसलं.

आम्ही ओसरीच्या पायरीवर उभे होतो. आतून खोकला ऐकू आला. एकदाच, दबलेला, कापसातून आलेला. त्यानंतरची धडक भिंतीवर बसल्यासारखी वाजली नाही.

बाबा अर्धी दाढी घेऊन लंगडत धावले. दारापाशी पोचल्यावर त्यांचा हात सवयीनं गळ्याशी गेला. तो त्यांनी खाली घेतला. "भाभी, मी वैजनाथ," ते म्हणाले, "आत येतोय." आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा न खाकरता त्यांनी ते दार बाजूला केलं.

निजामचाचा पेरूच्या झाडाला टेकून बसले होते. मांडीवर कापसाचा बोळा पडला होता आणि सदऱ्याला छातीवर एकच गोल भोक होतं. चाची उघड्या डोक्यानं त्यांचा चेहरा धरून बसल्या होत्या. बाबा गुडघ्यावर बसले, नाकाशी हात धरला, मग त्यांनी हात मागं घेतला आणि खांद्यावरचा पंचा चाचांच्या छातीवर टाकला.

सुरमा त्यांच्या शेजारीच उभा होता. त्यानं बाबांकडं पाहिलं, कान हलवले आणि पुन्हा चाचांचे केस हुंगू लागला. डोळ्याखालची चीर मिटली होती. थोड्या वेळानं तो तिथंच, त्यांच्या पायाशी बसला आणि रवंथ करू लागला.